एकाच जनुकाने भात दीडपट? मग दहा हजार वर्षांत ते कुणाला कसं घावलं नाही?

कोरा_कागद

मंडळी, बरेच दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय, तो इथे सोडतो.

२०२२ चा एक पेपर वाचनात आला, सायन्स या नियतकालिकात छापलेला. भातातलं एक जनुक आहे, ड्रेब-१सी नावाचं. चिनी संशोधकांनी ते भातातच जास्त चालवलं, म्हणजे भाताचंच जनुक भातात जोरात चालू केलं, आणि शेतातल्या चाचणीत उत्पादन ४१ ते ६८ टक्के वाढलं म्हणतात. वर फुलोरा लवकर, नत्र जास्त उचललं, पानं जास्त काम करायला लागली. सगळं छानच छान.

मी जीवशास्त्रवाला नाही, पण माझी समज अशी झालीय (चुकत असेल तर कान धरा) की प्रत्येक पेशीत सगळीच जनुकं असतात, पण पाटाला पाणी सोडलं म्हणून सगळ्या वाफ्यांत एकदम जात नाही, कुणीतरी दारं धरून उभं असतं, हे दारं मोड, ते बांध, इकडे अर्धंच सोड. तसं जनुकांवर दारं धरणारी काही प्रथिनं असतात. ड्रेब-१सी हे असलंच एक दारं धरणारं जनुक, एकट्याच्या हाताखाली पुष्कळ वाफे.

इथपर्यंत ठीक. पण मग प्रश्न असा की माणूस दहा हजार वर्षं चांगली कणसं निवडून पेरतोय, त्याआधी निसर्गाने लाखो वर्षं घासूनपुसून बघितलंय, आणि एक दारं थोडं जास्त उघडलं की दीडपट पीक येत असेल तर हे आधी कुणालाच कसं घावलं नाही? एक तर आपले सगळे पूर्वज ढ होते किंवा त्या आकड्यात काहीतरी गडबड आहे, तिसरं मला सुचत नाहीये.

उगाच_एक

खुर्ची टाकून बसलोय. मारामारी सुरू झाली की उठवा.

पोटरी

कोरा_कागद, तिसरं आहे. घावलं की! एकदा नाही, दहादा घावलं, फक्त घावणाऱ्याला आपण काय धरलंय ते माहीत नव्हतं.

मका बघा. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे, झुडपासारखा फांद्याच फांद्या, प्रत्येक फांदीवर बारकी बारकी कणसं आणि त्यात पाच-दहा दगडासारखे कडक दाणे. मक्याला एकच सरळ ताट आणि त्यावर एखाद-दुसरं धष्टपुष्ट कणीस. या फरकात सगळ्यात मोठा हात टीबी-१ नावाच्या जनुकाचा, जॉन डोबली यांच्या गटाने नव्वदच्या दशकात ते शोधून काढलं. आता गंमत अशी की दोघांमधलं टीबी-१ चं प्रथिन काम तेच करतं, फांद्या फुटू देत नाही. मग फरक कशात? तर जनुकापासून सुमारे ६० हजार अक्षरं (डीएनएची अक्षरं) लांब एक उडतं, म्हणजे जागा बदलणारं जनुक, ट्रान्सपोझॉन म्हणतात ते, येऊन बसलं, त्याचं नाव हॉपस्कॉच, आणि त्याच्यामुळे टीबी-१ साधारण दुप्पट चालायला लागलं. एवढंच. जनुक तेच, दारं जास्त उघडं. आणि हा हॉपस्कॉच काही रानटी टिओसिंटेतही सापडतो, म्हणजे माणसाने मका घडवायला घेण्याच्या आधीपासून तो तिथे पडून होता, माणसाने फक्त उचलला.

भाताचंही तसंच. रानटी भाताचा दाणा पिकला की झडतो, त्याला झडायलाच पाहिजे, नाहीतर पुढची पिढी कशी रुजणार. जॅपोनिका नावाच्या प्रकारच्या भातात दाणा लोंबीला धरून राहतो त्यामागे क्यूएसएच-१ म्हणून एक जागा आहे, २००६ मध्ये जपानी संशोधकांनी शोधली, आणि तिथे बदल किती तर एका अक्षराचा! तेही जनुकात नाहीच, जनुकापासून १२ हजार अक्षरं दूर. त्यामुळे दाण्याच्या देठाशी ते जनुक चालूच होत नाही आणि दाणा तुटायचा जो थर तिथे तयार व्हायचा तो होत नाही. बाकीच्या झाडात ते आपलं काम बिनबोभाट करत असतं.

म्हणजे जुन्या शेतकऱ्यांनी नवी जनुकं बनवली नाहीत, आहेत त्याच जनुकांची दारं कमीजास्त झालेली झाडं निवडली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर "घावलं नाही" असं नसून "सोपी सोपी होती ती आधीच घावून संपली" असं आहे.

गणिती_ढ

पोटरीताईंचा प्रतिसाद आवडला पण मी दुसऱ्या बाजूने येतो, आकड्यात गडबड आहे का या बाजूने.

गडबड म्हणजे कुणी खोटं लिहिलं असं नाही. ४१ ते ६८ हा आकडा निप्पोनबारे नावाच्या वाणावरचा आहे. निप्पोनबारे हा प्रयोगशाळेतला लाडका, २००५ मध्ये भाताचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तो याच वाणाचा, पण आजच्या चढाओढीत तो जुना गडी आहे. म्हाताऱ्याला नवी काठी दिली की तो जोरात चालणारच. त्याच पेपरात एका चांगल्या लागवडीच्या वाणावरही करून बघितलंय, तिथे वाढ ३० ते ४२ टक्क्यांच्या आसपास आली. तीही प्रचंड आहे! पण बघा, वाण बदलला की आकडा किती खाली सरकला.

दुसरं म्हणजे प्लॉट. हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतो. एका ठिकाणी चाचण्यांची आकडेमोड करायला होतो. एक वाण असा चमकला की सगळे नाचायला लागले, साध्या वाणापेक्षा पाव हिश्श्याने जास्त. मी नकाशा मागितला, तर त्या वाणाचे चारपैकी तीन तुकडे शेताच्या कडेला. कडेच्या रोपाला एका बाजूने शेजारीच नाही, ऊन जास्त, वारा जास्त, मुळांना जागा जास्त. मी आपला दोरी आणि लोकरीचे रंगीत तुकडे घेऊन उतरलो, कडेच्या ओळीतल्या रोपांना लाल आणि आतल्या रोपांना पांढरी लोकर बांधली, आणि लोंब्या वेगळ्या मोजल्या. लाल लोकरीच्या रोपाला १४-१५ फुटवे, पांढरीच्या रोपाला ८-९. दोन्ही वाणांत तसंच! कडेच्या ओळी काढून टाकल्यावर तो पाव हिस्सा कुठे गेला ते कुणाला दिसलं नाही, आणि नंतर महिनाभर माझ्याशी कुणी चहा प्यायला आलं नाही.

तुकडा जितका लहान तितकी त्यात कड जास्त. आणि "एका रोपाचं उत्पादन इतकं वाढलं" असं लिहिलेलं दिसलं तर सरळ पान उलटा, शेत रोपामागे पिकत नाही, हेक्टरी पिकतं.

उगाच_एक

उठलो. मारामारी नाही पण लोकर आली, चालेल.

कोरा_कागद

गणिती, हे लोकरीचं भारीच. पोटरीताई, तुमचं पटलं पण निम्मंच. माणसाने सोपी निवडली हे ठीक, पण निसर्गाने का नाही निवडली? दाणे जास्त म्हणजे पोरं जास्त, उत्क्रांतीला तर तेच हवं असतं ना?

जुनं_खोड

याचं उत्तर माझ्यासारख्या वाण पैदास करण्यात केस पिकवलेल्या माणसाला देऊ द्या.

निसर्ग शेताचं उत्पादन बघत नाही, एकेका झाडाची पोरं बघतो. आणि एकेका झाडाला जिंकायचं असेल तर शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन त्याचं ऊन अडवणं हा फार जुना आणि फार यशस्वी धंदा आहे. त्यामुळे रानात सगळे उंच होतात, सगळे उंचीवर खर्च करतात, आणि कुणालाच जास्त ऊन मिळत नाही. भिंतीशी उभं राहून तमाशा बघणाऱ्यांसारखं, पुढचा टाचा वर करतो म्हणून मागचा करतो.

साठच्या दशकात भातात हे करून बघितलंय. उंच आणि खुजे वाण एकत्र मिसळून पेरले, आलेलं बी परत पेरलं, दोन-चार पिढ्यांत खुजे जवळजवळ गायब. आणि तेच खुजे वेगळे पेरले तर खत घातल्यावर हेक्टरी उंचाच्या कितीतरी पुढे! म्हणजे जो वाण शेतात जिंकतो तो रानात हरतो. निसर्गाने तो लाखो वेळा तयार केला असेल आणि लाखो वेळा शेजाऱ्याच्या सावलीत मारला असेल.

हरितक्रांती म्हणजे तरी काय, हा हरणारा गडी माणसाने उचलून वेगळा पेरला. गव्हात जपानचा नोरिन-१०, त्याचे खुजेपण असलेले वंशज नॉर्मन बोरलॉग या पैदासकारांनी मेक्सिकोत वापरले, १९७० चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. भातात १९६६ चा आयआर-८, त्यात एक पालक उंच पेटा आणि दुसरा तैवानचा बुटका डी-जिओ-वू-जेन. आम्हाला तेव्हा फक्त एवढं माहीत की आखूड पेर, जाड ताट, खत घातलं तरी पीक लोळत नाही, दाण्याने वाकतं पण पडत नाही. त्यामागचं जनुक वगैरे पुढे कळलं, ते पोटरी सांगेल.

पोटरी

खोडकाका, सांगते. यात एक जुनी गोष्ट येते. भाताला एक बुरशी लागते, रोपं भसाभस लांब वाढतात, फिकी पडतात आणि कोलमडतात, जपानमध्ये तिला मूर्ख रोपाचा रोग म्हणायचे. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशी स्वतः नाही तर तिने सोडलेला पदार्थ रोपाला लांबवतो. तोच जिबरेलिन, पुढे कळलं की झाडं स्वतःही तो बनवतात.

झाडात डेला नावाची प्रथिनं वाढीला ब्रेक लावून बसलेली असतात. जिबरेलिन आलं की डेलाचा चुरा होतो, ब्रेक सुटतो, पेर लांबतं. नोरिन-१० च्या गव्हात डेलाच असा बिघडला की जिबरेलिनने त्याचा चुरा होतच नाही, ब्रेक अर्धवट दाबलेलाच राहतो. १९९९ मध्ये हे उलगडलं. आयआर-८ मध्ये उलटं, डेला चांगला आहे पण जिबरेलिन बनवणारं एन्झाइम, एसडी-१ जनुकाचं, मोडकं, ते २००२ मध्ये कळलं. दोन पिकं, दोन वेगळे बिघाड, आणि दोन्ही एकाच रस्त्यावर. खोडकाकांच्या पिढीने डोळ्याने पकडलं ते आम्हाला कळायला तीसेक वर्षं लागली.

पण त्यात एक खोट राहिली. डेला जास्त साचला की झाड नत्रही कमी उचलतं. म्हणून तर खुज्या वाणांना खत ओतावं लागतं, निदान त्याचं एक कारण ते. २०१८ मध्ये नेचरमध्ये दाखवलंय की भातात जीआरएफ-४ नावाचं दुसरं दारं धरणारं प्रथिन डेलाच्या बरोबर उलट्या बाजूने ओढतं, ते थोडं वाढवलं तर झाड खुजंच राहतं पण नत्र जास्त घेतं. हे मला उत्पादनाच्या कुठल्याही मथळ्यापेक्षा मोठं वाटतं, कारण त्याच पिकाला खत कमी लागलं तर तेही उत्पादनच की.

सहज_सुचलं

मध्येच तोंड घालते. म्हणजे कुठलं दारं उघडायचं ते कळलं की क्रिस्परने, म्हणजे जनुकं हवी तिथे कापायच्या तंत्राने, पूर्ण उघडून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, यात अडचण काय राहिली?

पोटरी

अहो तीच तर सगळी अडचण!

पहिली गोष्ट म्हणजे "पूर्ण उघडणं" बहुतेक वेळा वाईटच असतं. भाताचं आयपीए-१ घ्या. हे जनुक मायक्रो-आरएनए १५६ नावाच्या कात्रीच्या ताब्यात असतं, कात्री त्याचा संदेश कापत राहते. २०१० मध्ये दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं की कात्रीची जागा एका अक्षराने बदलली की संदेश कापला जात नाही, प्रथिन वाढतं, ताट जाड होतं, लोंबी मोठी होते, दाणे जास्त. पण फुटवे कमी! लोंबी मोठी आणि लोंब्या कमी, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात. फार वाढवलं तर दोन-चार ताटंच उरतात, फार कमी केलं तर झुडूप होतं. मधला कुठलातरी काटा धरावा लागतो.

मग २०२२ मध्ये एक काम आलं, ते मला फार आवडतं. त्यांनी आयपीए-१ च्या जनुकाला हात लावलाच नाही, त्याच्या आजूबाजूचा जो नियंत्रणाचा पट्टा असतो त्यातून ठिकठिकाणी तुकडे कापून बघितले, हा काढला तर काय होतं, तो काढला तर काय होतं. त्यात एक ५४ अक्षरांचा तुकडा असा निघाला की तो काढल्यावर लोंबीही मोठी आणि फुटवेही कमी नाहीत. कारण तो तुकडा जनुक सगळीकडे सारखं चालवत नव्हता, लोंबीत वेगळं आणि बाकी ठिकाणी वेगळं, त्यामुळे तो गेल्यावर एका ठिकाणचं पाणी बदललं आणि दुसऱ्या ठिकाणचं तसंच राहिलं. कोरा_कागद, तुमचं दारं धरणं इथे चपखल बसतं, पाणी किती हा प्रश्न नाहीच, कुठल्या वाफ्यात आणि कधी हा आहे.

दुसरं म्हणजे क्रिस्परने मोडणं सोपं, वाढवणं महाकठीण. भातातल्या पीएसबीएस (पानांना जादा उन्हापासून वाचवणाऱ्या) जनुकाच्या पुढच्या पट्ट्यात २०२४ मध्ये एका गटाने शंभरावर वेगवेगळे बदल करून बघितले, उद्देश हा की बाहेरचं काही न घालता ते जास्त चालावं. बहुतेक बदलांनी ते मंदावलं किंवा बंदच पडलं, वाढलं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांत, आणि त्यातल्या एकात तर सुमारे अडीच लाख अक्षरांचा तुकडा उलटा होऊन बसला होता तेव्हा कुठे वाढलं. म्हणजे दार ढकलून उघडत नव्हतं, भिंतच फिरली.

सहज_सुचलं

बापरे. म्हणजे "सहज सुचलं" ते सहज होत नाही. नाव बदलू का?

ओला_सुका

गव्हावर कुणी बोलतच नाहीये, सगळे भाताच्या मागे. गव्हात का जमत नाही एवढं?

जुनं_खोड

कारण गहू म्हणजे एका घरात तीन संसार. तीन वेगवेगळ्या गवतांचे जनुकसंच एकत्र येऊन झालेला आहे तो, भाताची अक्षरं चाळीस कोटींच्या आत, गव्हाची १६०० कोटींच्या आसपास, माणसाच्या पाचपटीने जास्त! त्याचा नीट नकाशा यायला २०१८ उजाडलं. बहुतेक प्रत्येक जनुकाच्या तीन प्रती, एक बिघडली तर उरलेल्या दोघी संसार चालवतात, बाहेरून काही झालंय ते कळतच नाही. भातात दाण्याची रुंदी वाढवणारं जीडब्ल्यू-२ चं बिघडलेलं रूप शेतकऱ्यांच्या वाणात आपसूक सापडलं, गव्हात तोच परिणाम नीट दिसायला एकेक करत तिन्ही प्रती पाडाव्या लागतात. अशा गोष्टी डोळ्याने निवडणाऱ्याला दिसणार कशा? त्यामुळे कोरा_कागदला सांगतो, गव्हात अजून न घावलेलं पुष्कळ शिल्लक असणार असं माझं मत आहे, भातापेक्षा जास्त.

जी दारं एकाच प्रतीत उघडली तरी दिसतात ती मात्र आम्ही आधीच पळवली. पीपीडी-डी-१ या जनुकाच्या पुढचा सुमारे दोन हजार अक्षरांचा तुकडा गळाला की गहू दिवस मोठा व्हायची वाट न बघता फुलतो. बोरलॉग एकाच वर्षात मेक्सिकोत दोन पिकं घ्यायचे, एक सोनोराच्या सपाटीवर आणि एक टोलुकाच्या उंचावर, दोन्हीकडे दिवसाची लांबी वेगळी, त्यामुळे असे दिवस न मोजणारे गहू आपोआप निवडले गेले. घाई होती म्हणून केलं, आणि त्यामुळेच ते गहू जगभर कुठेही फुलायला लागले.

पोटरी

खोडकाकांना पुरवणी. गव्हाचं एक उदाहरण "कुठे आणि कधी" साठी झकास आहे. पेशीची भिंत सैल करणारं एक्सपॅन्सिन नावाचं प्रथिन असतं, त्यातलं एक गव्हाच्या मुळांत चालतं. चिलीत काम करणाऱ्या एका गटाने ते फक्त भरत्या दाण्यात चालेल असं केलं. दाणा चिकात असताना त्याचं साल जरा जास्त ताणलं गेलं, दाणा मोठा झाला, १२ टक्क्यांच्या वर, आणि मुख्य म्हणजे दाण्यांची संख्या कमी झाली नाही, हेक्टरी उत्पादन ११ टक्के वाढलं. २०२१ ची गोष्ट. सगळ्या झाडात तेच चालवलं असतं तर काय झालं असतं देव जाणे.

आणि एक अपघाताचं. गव्हाला भुरी लागू नये म्हणून एमएलओ जनुक मोडतात, पण मग झाड खुरटतं. एका रोपाच्या वंशात संशोधकांकडून कापताना तीन लाख अक्षरांचा मोठा तुकडाच उडाला, आणि त्यात भुरीही थांबली आणि झाडही खुरटलं नाही! कारण तुकडा गेल्याने शेजारचं साखर वाहणारं जनुक जागं झालं. हेही २०२२. कधी कधी दार चुकून उघडतं, आपण फक्त लक्ष ठेवून असावं लागतं.

तिरपागडे

सगळं ऐकून घेतलं. पण हे जीएमच, म्हणजे बाहेरून जनुक घातलेलं पीकच ना शेवटी? नावं बदलून तेच.

पोटरी

काही आहे, काही नाही. ड्रेब-१सी जास्त चालवलेला भात हा जीएमच, एक्सपॅन्सिनचा गहूही, कारण जनुकाची आणखी एक प्रत बाहेरून जोडली. आयपीए-१ चे ५४ अक्षर कापलेले रोप म्हणजे नुसतं काढणं, त्यात परकं काही उरत नाही, असा बदल रानातही होऊ शकतो. बऱ्याच देशांचे नियम या दोन्हींत आता फरक करतात. मे २०२५ मध्ये भारताच्या कृषी संशोधन परिषदेने दोन जनुक-संपादित भात जाहीर केले ते दुसऱ्या प्रकारातले. त्यातला कमला, सांबा मसुरीपासून केलेला, त्यात सीकेएक्स-२ मोडलंय. हे एन्झाइम लोंबीतलं सायटोकायनिन नावाचं वाढीचं संप्रेरक खाऊन टाकतं, ते मंदावलं की लोंबीच्या शेंड्याला जास्त दाणे धरतात, हे जपानी गटाने २००५ मध्येच दाखवलं होतं. दुसऱ्यात, पुसा डीएसटी राईस-१ मध्ये, डीएसटी मोडलंय. बातम्यांमध्ये एक "जास्त दाण्याचा" आणि एक "क्षार सोसणारा" असे वेगवेगळे मांडले गेले, पण डीएसटी हे सीकेएक्स-२ चंच दारं धरणारं प्रथिन आहे! एकाने वाफा बुजवला, दुसऱ्याने त्याचं दारं बांधलं. हे कुणी फारसं बोललं नाही म्हणून इथे बोलून घेते.

गणिती_ढ

कमलाचं जाहीर करताना सरासरी १९ टक्के वाढ सांगितली होती. मोठ्या प्रमाणावर पेरला गेल्यावर आकडा काय राहतो ते बघायला मी उत्सुक आहे, टिंगल नाही, खरंच उत्सुक.

कारण माझ्याकडे मोजपट्टी म्हणून एकच उदाहरण आहे. मक्याचं झेडएमएम-२८, हेही दारं धरणारं जनुक, कोर्टेव्हा या बियाणे कंपनीने २०१९ मध्ये छापलं. चार वर्षं, ५८ ठिकाणं, ४८ हायब्रीड, म्हणजे म्हाताऱ्याला काठी नाही, आधीच पळणाऱ्याला नवे बूट. आणि वाढ किती? ३ ते ५ टक्के. मथळा होत नाही याचा. पण मला या एका ओळीवर विश्वास बसतो.

उलट टोकाला २०२१ चं एफटीओ. माणसाच्या लठ्ठपणाशी संबंध असलेलं जनुक भातात घातलं,

उगाच_एक

थांबा थांबा. लठ्ठपणाचं जनुक. भातात. आणि भात लठ्ठ झाला?

गणिती_ढ

झाला! ते प्रथिन आरएनएवरच्या, म्हणजे जनुकांच्या संदेशांवरच्या, रासायनिक खुणा पुसतं आणि त्यामुळे एकदम हजारो जनुकांची दारं हलतात. हरितगृहात उत्पादन तिप्पट, आणि त्याच पेपरात शेतात साधारण ५० टक्के. म्हणजे एकाच कामात, त्याच हातांनी, कुंडीतून शेतात येईपर्यंत २०० टक्के वाढीची ५० झाली. आता तीच आणखी दहा ठिकाणी आणि चांगल्या वाणात नेली तर कुठे थांबेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. २०२३ मध्ये नेचरमध्ये बऱ्याच नावाजलेल्या पैदासकारांनी आणि जनुकवाल्यांनी मिळून हेच लिहिलं, की बाबांनो दावे जरा आवरा, उत्पादन क्षेत्रावर मोजा, अनेक जागी अनेक वर्षं मोजा, तुलना चालू असलेल्या चांगल्या वाणाशी करा. मी तर ते छापून भिंतीला लावलंय.

पोटरी

मान्य, पण एक खुसपट काढते. ३ टक्के खरे आणि ६८ खोटे असं सरळ नाही हं गणिती. मोठ्या आकड्याचे पेपर रस्ता दाखवतात, हे दारं कुठे आहे ते कळतं. ड्रेब-१सी ने उद्या चांगल्या वाणात ५ टक्केच दिले तरी ते सापडलं ते त्या ६८ मुळेच. आणि केआरएन-२ बघा, मका आणि भात दोन्हींत माणसाने नकळत हजारो वर्षं निवडलेलं जनुक, दोन्हींत पूर्ण बंद केलं तर मक्यात १० आणि भातात ८ टक्क्यांच्या आसपास वाढ, तीही शेतात. २०२२ मध्ये आलं. म्हणजे पूर्वजांनी ते दारं अर्धं बांधलं होतं आणि तिथे अजून शिल्लक होतं. यावरून कोरा_कागदचा मूळ प्रश्न पुन्हा उघडा पडतो, जुन्या माणसांनी अर्ध्यावर का सोडलं?

जुनं_खोड

मी सांगतो का सोडलं. दिसलंच नाही म्हणून. दुप्पट फरक डोळ्याला दिसतो, दहा टक्क्यांचा नाही. मी तीस वर्षं शेतातून चालत चालत निवड केलीय, निसवलेल्या लोंबीवर हात फिरवून सांगायचो हा चांगला. आणि मळणीनंतर वजन बघितलं की निम्म्या वेळा चुकलेलो असायचो.

सहज_सुचलं

मग ३ टक्के म्हणजे नक्की किती? मला डोळ्यासमोर आणायचंय.

गणिती_ढ

दीडशे दाण्यांची लोंबी हातात घ्या. ३ टक्के म्हणजे त्यात साडेचार दाणे जास्त. आणि त्याच चुडातली शेजारची लोंबी मोजलीत तर ती ९५ ची निघेल, तिसरी १८० ची, शेंड्याला अर्धे पोचट. मी एकदा दिवसभर बसून चाळीस लोंब्या मोजल्या होत्या, एकेक दाणा नखाने काढून, भरलेले एका ताटलीत आणि पोचट दुसऱ्या ताटलीत, संध्याकाळी बोटं सोललेली आणि हातात आलेला आकडा कशालाच पुरेसा नव्हता. म्हणून ५८ ठिकाणं लागतात.

कोरा_कागद

म्हणजे मी पूर्वजांना ढ म्हणत होतो आणि ते साडेचार दाणे शोधत होते. शब्द मागे घेतो. पोटरीताई, गणिती, खोडकाका, आभार, ड्रेबचा पेपर पुन्हा काढून तुकडे केवढे होते आणि कडेच्या ओळी वगळल्या होत्या का ते आज रात्री बघतो.

उगाच_एक

साडेचारमधला अर्धा दाणा कुठला असतो?

गणिती_ढ

पोचट.